डेक्लन ऐकतो

२५ सप्टेंबर २०१९, बुधवार. आज गॅरेजमधली आमच्या मराठी मंडळाची पातेली बाहेर काढून घासायला घेतली.

बुधवारी माझी फार्मसीतली सुट्टी असते. गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये गार पाण्यात घाईघाईनं धुतलेली पातेली अजून हाताला ओशट लागत होती. ती एकेक करून ड्राइव्ह-वेवर आणली, गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी घेतली आणि बसले. वारा सुटला होता. इथला सप्टेंबर म्हणजे वाराच. शेजारच्या मॅग्नोलियाच्या जाड गुलाबी पाकळ्या साबणाच्या पाण्यात येऊन पडत होत्या आणि मी त्या काढून टाकत होते. लोक या झाडाचे फोटो काढतात. मला त्याच्या पाकळ्या पन्हाळीतून उपसाव्या लागतात, त्यामुळे माझं त्याच्याबद्दलचं मत वेगळं आहे.

निम्मी पातेली झाली तेव्हा पोस्टाची गाडी येऊन गेली. पेटीत मतपत्रिकांचे लिफाफे होते. इथे कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, मतदान पोस्टानं होतं. रांग नाही, बोटाला शाई नाही. दर तीन वर्षांनी वसंतात लिफाफा घरी येतो. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खुणा करायच्या आणि येता-जाता तो पेटीत टाकायचा. लिफाफे तीन होते, एक माझा, एक नवऱ्याचा, अविनाशचा, आणि एक आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. कायमचं राहण्याचा परवाना असला की इथे मत देता येतं. मुलगी ख्राइस्टचर्चला शिकते, तिचा लिफाफा तिकडे.

सोबत उमेदवारांची माहिती-पुस्तिका. ओल्या हातानंच उघडली. डेक्लन हसत होता.

डेक्लन म्हणजे आमच्या शहराचा महापौर. शहराचं नाव लिहीत नाही. ऑकलंडहून सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला पोचता येतं, एवढं पुरे. इथे महापौरालाही नुसत्या नावानं हाक मारतात. त्याला ते आवडतं, जरा जास्तच आवडतं. हाच हसरा चेहरा, पण चांगला दाराएवढा मोठा, माझ्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'डेक्लन ऐकतो.' आमच्या मंडळाचे अध्यक्ष विलासराव यांनी तो फलक मला न विचारता माझ्या कुंपणावर लावायला सांगितला होता. शनिवारच्या वाऱ्यात खांब मोडून तो आत येऊन पडला, माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात. प्रचाराच्या कचेरीत फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "लीव्ह इट विथ अस." आमच्यावर सोडा. म्हणजे कोणी येणार नाही. ही भाषा मला आता कळते.

पुण्यात होते तेव्हा गणपती म्हणजे चिखल, ओल्या छत्र्या आणि न वाळणारे कपडे. इथे भाद्रपद वसंतात येतो. कोवाईच्या झाडांना पिवळ्या फुलांचे घोस लागतात, ते हलवत तुई पक्षी ओरडत असतात, फार्मसीत शिंका देणाऱ्यांची रांग लागते आणि मी दिवसभर ॲलर्जीच्या गोळ्या विकते. दर तिसऱ्या वर्षी याच दिवसांत कौन्सिलची निवडणूक येते. त्यामुळे आमच्या बाप्पाकडे दर तिसऱ्या वर्षी उमेदवार येतात. एरवी येत नाहीत. यातला एकही योगायोग बाप्पानं जुळवून आणलेला नाही, पण विलासरावांना तसं वाटतं.

डेक्लन पहिल्यांदा आला तो २०१३ च्या गणपतीत. तेव्हा तो महापौर नव्हता, नगरसेवकही नव्हता. आयर्लंडहून तरुणपणी इमारतींच्या कामावर आलेला, मग पब चालवलेला, सगळ्या गावाला ओळखणारा माणूस. आमचा गणपती तेव्हा आयरिश हॉलमध्ये बसायचा. हा हॉल माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता. विटांचा, बसका, आत बटाटे आणि ओल्या लाकडाचा वास. फार पूर्वी इथे आलेल्या आयरिश लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला, पुढे कौन्सिलच्या मालकीचा झालेला. ख्राइस्टचर्चचा भूकंप झाला आणि देशभरच्या जुन्या विटांच्या इमारतींकडे लोक संशयानं बघायला लागले. आमच्या हॉलच्या दारावरही धोक्याची नोटीस चिकटली. मजबुतीकरण करा, नाहीतर बंद करा.

डेक्लनची पहिली निवडणूक त्या नोटिशीवर झाली. मखरासमोर उभा राहून त्यानं भाषण केलं होतं. आधी माओरीतलं 'किया ओरा', मग 'नमस्ते', मग त्याच्या आयरिशमधलं काहीतरी. मग म्हणाला, "हा हॉल माझ्या लोकांनी बांधला. हा पडताना मी बघणार नाही."

मला तेव्हा तो आवडला होता, हे लिहून टाकते. भाषणामुळे नाही. भाषणानंतर तो स्वयंपाकघरात आला, बाह्या वर केल्या आणि मोठी पातेली घासली. याच पातेल्यांतली. पबवाल्याचा हात होता, कडा आधी, तळ मागून. हात पुसायला त्यानं योग्य फडकं उचललं. ताटपुसणी आणि हातपुसणी यांतला फरक कळणारा पुरुष मी त्याआधी फार पाहिला नव्हता. म्हणूनच मला जास्त राग येतो. ज्याला काही येतच नाही त्याच्यावर कशाला चिडायचं?

त्या हॉलमध्ये गुरुवारी सकाळी म्हाताऱ्यांचा चहा असायचा. चालवायची मॉरीन. हॉल बांधणाऱ्यांपैकी एकाची नात, आता स्वतः ऐंशीच्या पुढची, वॉकर घेऊन चालणारी. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना एका गुरुवारी तिथे नेऊन बसवलं. मला कामावर जायचं होतं आणि त्यांना दिवसभर घरात भिंतींकडे बघत बसवणं मला पटत नव्हतं. परत आणायला गेले तर उठेनात. आईंना इंग्रजी येत नाही, मॉरीनला मराठी येण्याचा प्रश्न नाही. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना ऐकू कमी येतं, त्यामुळे भाषेवाचून काही अडायचं नाही. मॉरीन त्यांना 'मिसेस जे' म्हणायची, आई तिला 'मोरीनबाई'.

"काय बोलता हो तुम्ही इतकं?" मी एकदा विचारलं.

"तिच्या सुनेबद्दल," आई म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळतं तिच्या सुनेबद्दल?"

"सगळं कळतं. आणि मी बोलते ते तिला कळतं." एवढं म्हणून माझ्याकडे बघून हसल्या.

पुढे त्या एकट्या जायला लागल्या. काठी घेऊन, डब्यात शंकरपाळे घेऊन, पट्ट्यापट्ट्यांवरून रस्ता ओलांडून. बाकी सगळ्यासाठी या देशात त्यांना कोणीतरी न्यावं लागतं. डॉक्टरकडे अविनाश, दुकानात मी, देवळात विलासराव. गुरुवारी मात्र त्या आपल्या पायांनी जायच्या आणि आपल्या पायांनी यायच्या.

आज पातेली घासताना मला सारखा आठवत होता तो २०१६ चा वसंत. डेक्लन तेव्हा नगरसेवक होऊन गेला होता आणि महापौरपदाला उभा होता. हॉलवरची नोटीस उन्हानं फिकी पडली होती, पण हॉल उभा होता आणि लोकांना तेवढं पुरेसं होतं. विलासरावांनी त्याला आरतीचा मान दिला. भगवा फेटा बांधला. फेटा बांधला की कोणीही बरा दिसतो, ही त्या फेट्याची खुबी आहे. ऑकलंडच्या सँडरिंगहॅममधल्या भारतीय दुकानातून आणलेल्या केळीच्या पानावर तो पंगतीला बसला आणि त्यानं वरणभात हातानं कालवून खाल्ला.

तिथे आमचे लोक संपले. मी वाढत होते, मला चेहरे दिसत होते. संगणकातले, इस्पितळातले, एरवी घर घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारे लोक वरणभाताच्या एका घासावर विरघळले.

"बघितलंत का वहिनी?" विलासराव माझ्या कानाशी म्हणाले. "चमचा मागितला नाही. आपला माणूस आहे!"

"भूक लागली असेल," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणजे ना..."

जेवण झाल्यावर तो आईंच्या खुर्चीपाशी आला आणि वाकून पाया पडला. कोणीतरी आधी शिकवलं असणार, पण वाकला चांगला, पाठीतून. आईंनी त्याच्या फेट्यावर हात ठेवला. त्यांचं या देशातलं पहिलं मत त्याला पडलं. मॉरीननं तर त्याच्यासाठी हिरवा मफलर विणला होता, आणि डेक्लन प्रत्येक फोटोत तो घालायचा. एका बाजूला फेटा, एका बाजूला मफलर, आणि मधे 'हॉल वाचवणार' असं म्हणणारं तोंड. तो मोठ्या फरकानं निवडून आला.

त्यानंतरच्या वर्षी कौन्सिलनं हॉल मजबूत करायचा की विकायचा याबद्दल लोकांची मतं मागवली. इथली रीत अशी, की मत लेखी द्यायचं. निवेदन भरा, मुदतीच्या आत पाठवा, मग त्यांचे अधिकारी ती मोजतात, अहवाल होतो, बैठक होते. कंटाळवाणी रीत आहे, पण आहे. मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं, घरटी एक निवेदन पाठवू या, मी नमुना लिहून देते.

विलासरावांना ते लागलं. "वहिनी, जो माणूस आपल्या पंगतीला बसला त्याला काय अर्ज लिहायचे? त्याला अपमान वाटेल. आपण भेटायला जाऊ."

आणि ते गेले. पाच-सहा पुरुष, इस्त्रीचे कुर्ते, शाल आणि श्रीफळ. मीही गेले, कारण गाडी माझी होती. कौन्सिलच्या काचेच्या इमारतीत स्वागतकक्षातल्या मुलीनं नारळ हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं की हा फ्रिजमध्ये ठेवायचा का. डेक्लन स्वतः खाली आला. सगळ्यांना नावानं ओळखलं. शाल पांघरून घेतली, फोटो झाला, हॉलचा विषय निघाला आणि त्यानं विलासरावांचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, "लीव्ह इट विथ मी."

परतताना गाडीत सगळे खूश होते. "काम झालं," विलासराव म्हणाले. घरी आल्यावर आईंनाही त्यांनी डेक्लनचे ते शब्द तसेच म्हणून दाखवले. आपल्याकडे असंच असतं. साहेबाला भेटायचं, हार घालायचा, साहेब 'बघतो' म्हणतो आणि त्याच्या 'बघतो'तून काय समजायचं ते आपल्याला कळतं. इथल्या साहेबाच्या 'बघतो'चं काय करायचं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री निवेदन लिहायला कोणी बसलं नाही. मी बसले, माझं लिहिलं, पाठवलं. मॉरीनला विचारलं तर ती म्हणाली, "मला डेक्लननं स्वतः घरी येऊन सांगितलंय, काळजी करू नकोस म्हणून." म्हणजे आम्हाला शाल आणि तिला चहा. ज्याला जे चालतं ते त्यानं दिलं.

अहवालात एक वाक्य होतं. हॉल प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून एक निवेदन आले.

बैठकीला मी प्रेक्षकांत बसले होते. मजबुतीकरणाचा खर्च अवाच्या सव्वा आहे, असं अधिकारी म्हणाले, आणि ते खोटं नसेल. विटा कशा पडतात हे ख्राइस्टचर्चनं दाखवलं होतं, मला कुणाच्या डोक्यावर हॉल पाडायचा नव्हता. डेक्लन तेव्हा उठून म्हणाला असता की हॉल जाणार, माझा शब्द खोटा ठरला, तर मी घरी येऊन स्वयंपाकाला लागले असते. मतं समसमान पडली. मग महापौरांचं निर्णायक मत. डेक्लननं चष्मा काढला, जड अंतःकरण वगैरे म्हणाला आणि विक्रीच्या बाजूनं हात वर केला. गळ्यात मॉरीनचा मफलर होता.

बाहेर आल्यावर त्यानं बैठकीला आलेल्या मॉरीनच्या खांद्यावर हात ठेवला. सहा महिन्यांत याच भागात नवी जागा देतो, तोवर गुरुवारी म्हाताऱ्यांना न्यायला-आणायला व्हॅन पाठवतो, म्हणाला. "मग तोवर हॉलमधलं सामान?" मी विचारलं. "वहिनींचं गॅरेज मोठं आहे," विलासराव म्हणाले. अशा रीतीनं हॉलच्या घडीच्या खुर्च्या, लांब टेबलं, पाण्याचा बंब, कपबशांची खोकी आणि मंडळाचं मखर माझ्या गॅरेजमध्ये आलं आणि माझी गाडी बाहेर उभी राहायला लागली. तात्पुरती.

हॉल पाडला त्या आठवड्यात डेक्लन सुट्टीवर आयर्लंडला गेला होता. हॉल पडताना मी बघणार नाही, असं तो म्हणाला होता. तेवढा एक शब्द त्यानं पाळला.

आता तिथे कुंपण आहे आणि आत गाड्या उभ्या असतात. नवी जागा मिळाली, पण मोटरवेच्या पलीकडे, नव्या घरांच्या वसाहतीत. काचेची, झकास, कॉफीचं यंत्र असलेली. बस जात नाही. व्हॅन कधी आली नाही. अविनाश एकदा रजा काढून आईंना घेऊन गेला. मॉरीन नव्हती. आई कॉफीच्या यंत्राशेजारी बसून आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत.

पुढे काय झालं ते मी कामावर रोज बघते, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही. आधी भूक जाते, मग दुपारची झोप वाढते, मग रक्तदाबाची गोळी बदलावी लागते. डॉक्टर गोळीच देणार, त्याच्या हातात गुरुवार नसतो. आई गुरुवारी सकाळी साडी बदलायच्या आणि पुढच्या खिडकीशी बसायच्या. या हिवाळ्यात त्यांनी सांगून टाकलं, "मला पुण्याला पाठवा."

"तिथे कोण आहे आई?"

"दाराशी भाजीवाला येतो. कोणीतरी हाक तरी मारतं."

पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि वर्षानुवर्षं बंद आहे. त्या वयाला, त्या गुडघ्यांनी, तिथे एकट्या. हे धोक्याचं आहे हे त्यांना ठाऊक आहे, अविनाशला ठाऊक आहे, मला तर नेमकं ठाऊक आहे. पण खिडकीशी बसवून ठेवणं सुरक्षित आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? अविनाश आता रोज संध्याकाळी ऑक्टोबरच्या अखेरची तिकिटं बघतो आणि न काढता संगणक बंद करतो.

आणि या वर्षीच्या गणपतीत डेक्लन पुन्हा आला. शाळेच्या हॉलमध्ये, तोच फेटा. भाषणात नव्या शहराची, नव्या पुलाची, सगळ्यांना सामावून घेण्याची गोष्ट होती. मग तो सरळ आईंच्या खुर्चीपाशी आला आणि वाकला. फोटोवाला तयारच होता. आईंनी या वेळी फेट्यावर हात ठेवला नाही. त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "माझ्या गुरुवारचं काय केलंस रे?"

डेक्लननं हसून विलासरावांकडे पाहिलं. विलासराव म्हणाले, "आजी तुम्हाला आशीर्वाद देताहेत. पुन्हा निवडून या म्हणतात."

माझ्या हातात मोदकांचं ताट होतं. ते मी विलासरावांच्या हातात दिलं आणि डेक्लनला इंग्रजीत सांगितलं, "नाही. त्या विचारताहेत, माझ्या गुरुवारचं तुम्ही काय केलंत? हॉल, व्हॅन, याच भागातली जागा. उत्तर द्या, मी त्यांना सांगते."

विलासराव पुटपुटले, "वहिनी, देवासमोर..."

"देवाला इंग्रजी येत नसेल तर त्यालाही मराठीत सांगेन," मी म्हटलं.

डेक्लनचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. त्या क्षणात तो खरं बोलू शकला असता. मी थांबले होते. मग त्यानं आईंचा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाला, "लीव्ह इट विथ मी."

भाषांतर करायची गरज पडली नाही. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे मागच्या वेळचंच आहे." आणि हात सोडवून घेतला.

मला इथे येऊन बरीच वर्षं झाली. चोर पुढारी मी तिकडे पाहिलेत. हा चोर नाही, त्यानं एक पैसा खाल्ला नसेल. याला फक्त समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. जिथे जाईल तिथला तो होतो. मॉरीनकडे आयरिश, आमच्याकडे फेटेवाला, बिल्डरकडे बिल्डर. त्याला हे प्रेमळपण वाटतं. मला तो आळशीपणा वाटतो. नकार द्यायला कष्ट पडतात, समोरच्याचा राग अंगावर घ्यावा लागतो. ते कष्ट हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांवर ढकलत आला. आणि आम्ही? आम्ही त्याला जेवायला घातलं आणि हिशेब पुरा झाला असं समजलो.

ऊन कलायला लागलं तेव्हा आई काठी टेकत बाहेर आल्या. गॅरेजमधून मी एक खुर्ची ओढून दिली. बसल्या, दांडीवरून हात फिरवला.

"ही हॉलची ना गं?"

"हो."

"मोरीनबाईंची निळ्या उशीची कुठाय?"

"असेल मागे कुठेतरी."

"काढ बरं."

काढली. ती काढायला टेबलं हलवावी लागली, टेबलांमागे बंब होता, बंबाखाली कपबशांची खोकी. मखर एका बाजूला केलं तर मधे चांगली मोकळी जागा झाली. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. डेक्लननं दिलेल्या सहा महिन्यांची वाट बघत हे सगळं मी नीट रचून, झाकून ठेवलं होतं. खुर्च्या होत्या, टेबलं होती, पाणी तापवायला बंब होता, छप्पर होतं. आणि त्या सगळ्या म्हाताऱ्या दोन-तीन गल्ल्यांतल्याच.

"उद्या वार कोणता?" आईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं.

मी मॉरीनला फोन केला. तिला ऐकू येईपर्यंत तीनदा ओरडावं लागलं. शेवटी म्हणाली, "बिस्किटं मी आणते." मग विलासरावांना फोन केला आणि उद्या सकाळी येऊन मखर, थर्मोकोल, बॅनर सगळं आपल्या गॅरेजमध्ये न्या असं सांगितलं. ते नाराजीनं 'बरं' म्हणाले. मग म्हणाले, "सकाळी लवकर येतो. खुर्च्या लावायला लागतील ना?"

संध्याकाळी टेबलावर तिन्ही लिफाफे होते. आईंनी पुस्तिकेतला चेहरा ओळखला. "ह्याला मी देणार नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाकतो मात्र छान." अविनाशनं तिकिटांचं विचारलं तर म्हणाल्या, "उद्याचं होऊ दे."

२६ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी मी कामावर उशिरा येते असं कळवलं, गॅरेज झाडलं आणि बंब लावला. आमचं घर जुनं आहे, गॅरेजच्या दाराशी काँक्रीटची उंच कड आहे. गाडी चढते, वॉकर चढत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीशी टेकलेला फलक ओढून आणला. चांगलं जाड प्लायवूड होतं. कडेवर तिरपा टाकला, खाली विटांचा आधार दिला, वर उभी राहून पाहिलं. हलला नाही. डेक्लन माझ्या चपलांमधून हसत होता.

"अगं, माणसाच्या तोंडावर पाय द्यायचा का?" आई ओरडल्या. "उलटा कर."

"राहू दे की आई."

"नाही. कसाही असला तरी माणूस आहे. तोंड खाली कर त्याचं."

उलटा केला. शिवाय रंगवलेली बाजू दवानं निसरडी झाली असती. विलासराव खुर्च्या लावता लावता हे सगळं बघत होते.

दहाच्या सुमारास मॉरीन आली. भला मोठा बिस्किटांचा डबा वॉकरच्या टोपलीत. फळीवर वॉकर चढवला, सावकाश वर आली, निळ्या उशीकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. मग मागे वळून फळीकडे पाहत मला विचारलं, "ही उतरण चांगली केलीस. कशाची आहे?"

"डेक्लन," मी म्हटलं.

तिला ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. मी पुन्हा मोठ्यानं सांगणार, तेवढ्यात तिनं बिस्किटांचा डबा आईंच्या हातात दिला, वॉकर वळवला, फळीवरून पार खाली ड्राइव्ह-वेवर गेली आणि सावकाश, एकेक पाय नीट दाबत, पुन्हा वर आली.